घरी बांधलेलं विमान आणि स्पिन: मुद्दाम घालून बघायचं का?

समजा, सात-आठ वर्षांच्या सुट्ट्या आणि रात्री खर्ची घालून तुम्ही एक दोन आसनी विमान बांधलंत. नकाशे एका नावाजलेल्या डिझायनरचे, ॲल्युमिनियमचे पत्रे किटमधून आलेले, पण प्रत्येक रिव्हेट तुमच्या हातचा. विमान उडतं, वळतं, नीट उतरतं. आता प्रश्न असा, की हे विमान मुद्दाम स्पिनमध्ये घालून बघायचं का?

‘बघायलाच हवं’ म्हणणारे लोक अनुभवी असतात आणि ‘चुकूनही नको’ म्हणणारेही तितकेच अनुभवी असतात. माझी पीएचडी विमानाच्या स्टॉलनंतरच्या वर्तनावर चालू आहे, त्यामुळे हा वाद माझ्या टेबलावर कायमच असतो. आज तो तुमच्यापुढे मांडतो. भौतिकशास्त्र लागेल, पण समीकरण एकही येणार नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. घरी विमान बांधणं म्हटलं की आपल्याकडे पटकन आठवतात ते कॅप्टन अमोल यादव. काँदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिलं. आपल्याकडे हा अपवाद आहे, अमेरिकेत मात्र तो मोठा छंद आहे. तिथल्या नियमानुसार निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलं असेल, तर विमानाला ‘एक्स्पेरिमेंटल’ गटात परवानगी मिळते. कारखान्यात बनणाऱ्या विमानाला ज्या चाचण्या सक्तीच्या असतात, त्यातल्या बहुतेक इथे लागू नाहीत. त्याऐवजी मालकाने ठरावीक क्षेत्रात, साधारणपणे २५ ते ४० तास, विमान स्वतः तपासून घ्यायचं असतं. स्पिन तपासायचा की नाही, हे त्याचं तोच ठरवतो. आपला सगळा प्रश्न इथून सुरू होतो.

स्पिन म्हणजे नेमकं काय?

पंखाला समोरून येणारा वारा ज्या कोनात भिडतो, त्याला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. हा कोन वाढवत नेला की पंखाची उचल वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. साधारण १५ ते १८ अंशांच्या आसपास पंखाच्या वरच्या बाजूने वाहणारी हवा पृष्ठभाग सोडते आणि उचल कोसळते. हा झाला स्टॉल. इंजिन बंद पडण्याशी याचा काहीही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण बातम्यांत हा घोळ नेहमी होतो.

स्टॉल सरळ झाला तर नाक खाली जातं, वेग वाढतो, विमान सावरतं. गडबड होते ती स्टॉलच्या क्षणी विमानाचं नाक बाजूलाही वळत असेल तर. समजा नाक डावीकडे वळतंय. डावा पंख मागे पडतो, खाली जातो. खाली जाणाऱ्या पंखाला वारा खालून जास्त लागतो, म्हणजे त्याचा अँगल ऑफ अटॅक आणखी वाढतो. एरवी त्यामुळे त्याची उचल वाढली असती आणि तो परत वर आला असता. पण आता तो स्टॉलच्या पलीकडे आहे. तिथे कोन वाढला की उचल कमी होते आणि रोध वाढतो. उजव्या पंखाचं बरोबर उलटं होतं. त्यामुळे डावा पंख आणखी खाली, आणखी मागे. हे चक्र स्वतःच स्वतःला पोसतं. विमान एका उभ्या अक्षाभोवती गरगरत खाली येतं. याला ऑटोरोटेशन म्हणतात आणि हाच स्पिनचा गाभा आहे.

पहिल्या एक-दोन फेऱ्यांत विमान अजून स्थिरावलेलं नसतं, त्याला ‘इन्सिपियंट’ म्हणजे सुरुवातीचा स्पिन म्हणतात. पुढे फिरण्याचा वेग, खाली येण्याचा वेग आणि कोन जवळपास कायम होतात. हा पूर्ण विकसित स्पिन. यात नाक बरंच खाली असेल तर तो तीव्र उताराचा स्पिन. नाक वर येऊन विमान जवळजवळ आडवं फिरू लागलं तर तो फ्लॅट स्पिन. फ्लॅट स्पिनमध्ये अँगल ऑफ अटॅक ६५ अंशांच्याही पुढे जातो. सगळ्यांना भीती असते ती याची.

रडर उलट दाबायचं, हे कुणाला सुचलं?

विमानं उडायला लागली तेव्हा पहिली काही वर्षं स्पिन म्हणजे मरण, असाच हिशेब होता. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये सॅलिसबरी प्लेनवर लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क यांचं ॲव्हरो विमान साधारण ७०० फुटांवर डावीकडे स्पिनमध्ये गेलं. त्यांनी आधी स्टिक मागे ओढून पाहिली, रडर वळणाच्याच दिशेने दाबून पाहिलं. काहीही झालं नाही. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी रडर पूर्ण उलट्या बाजूला दाबलं आणि फिरणं थांबलं. विमान सावरलं तेव्हा जमीन अवघी ५० फुटांवर होती. बघणाऱ्यांनी आणि स्वतः पार्क यांनी हे सगळं बारकाईने सांगितलं, म्हणून ते ज्ञान उरलं. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात फार्नबरोच्या कारखान्यात भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक लिंडमन यांनी स्वतः विमान चालवायला शिकून, मुद्दाम स्पिनमध्ये जाऊन मोजमापं घेतली.

आज शिकवला जाणारा क्रम त्याच अनुभवातून आला आहे: थ्रॉटल बंद, एलेरॉन मध्यावर, रडर स्पिनच्या उलट दिशेला पूर्ण, मग स्टिक पुढे. फिरणं थांबलं की रडर मध्यावर आणि डाइव्हमधून सावकाश बाहेर. यातली प्रत्येक पायरी आपल्या सहज प्रवृत्तीच्या विरुद्ध आहे. पंख पडला की हात आपोआप एलेरॉनने तो उचलायला जातो, पण स्टॉल झालेल्या पंखावर खाली गेलेला एलेरॉन रोध वाढवतो आणि बहुतेक हलक्या विमानांत स्पिन घट्ट करतो. जमीन समोर दिसली की माणूस स्टिक मागे ओढतो, त्यामुळे स्टॉल कायम राहतो.

आणि डाइव्हमधून ‘सावकाश’ बाहेर का? घरी बांधलेली आधुनिक विमानं फार गुळगुळीत असतात. नाक खाली असताना ती बघता बघता वेगमर्यादा ओलांडतात. स्पिनमधून सुटलेलं विमान सावरताना मोडू शकतं.

शेपटी आणि लाटणं

आता मुख्य प्रश्न. क्रम बरोबर वापरला तरी विमान सावरेल याची खात्री काय? ते दोन गोष्टींवर ठरतं: शेपटीत किती दम आहे आणि विमानातलं वजन कुठे कुठे ठेवलंय.

वजनाचं आधी बघू. घरातलं लाटणं घ्या, मधोमध दोरी बांधा आणि ते थोडं तिरकं लटकेल असं करा. दोरीला पीळ देऊन सोडा. लाटणं फिरायला लागलं की हळूहळू आडवं होतं. फुगडी घालताना अंग बाहेर फेकलं जातं, तसंच लाटण्याचं प्रत्येक टोक बाहेर जायला बघतं. विमानाचं धड म्हणजे असंच एक लाटणं. पुढे जड इंजिन, मागे शेपटी. विमान नाक खाली करून फिरत असतं, तेव्हा ही दोन्ही टोकं बाहेर जाऊ पाहतात आणि नाक वर येतं, म्हणजे स्पिन फ्लॅट होऊ लागतो. शेपटीवरचा वारा नाक खाली ढकलत असतो. या ओढाताणीत कोण जिंकतं, त्यावर स्पिनचा स्वभाव ठरतो.

गुरुत्वमध्य मागे असेल तर बाजू आणखी कमकुवत होते, कारण शेपटीचा दांडा तितका आखूड होतो. म्हणून मागच्या सीटवर माणूस आणि मागे सामान असलेलं विमान हे एकट्याने उडवलेल्या त्याच विमानापेक्षा स्पिनच्या बाबतीत वेगळं विमान आहे, असंच धरून चालावं.

आता शेपटी. स्पिनमध्ये वारा समोरून नाही, खालून येतो. आडवी शेपटी त्याच्या वाटेत उभी राहते आणि तिच्या मागे, म्हणजे वरच्या बाजूला, मेलेल्या हवेचा एक पट्टा तयार होतो. रडर त्या पट्ट्यात सापडलं तर तुम्ही ते कितीही दाबा, त्याला धरायला हवाच नसते. डिझायनर अजूनही कागदावर आडव्या शेपटीच्या पुढच्या कडेपासून ६० अंशांची आणि मागच्या कडेपासून ३० अंशांची रेघ मारतात. त्या दोन रेघांमधला भाग गेला असं समजायचं. निदान एक तृतीयांश रडर तरी बाहेर उघडं राहावं, असा ठोकताळा आहे. स्टिक पुढे करण्याआधी रडर दाबायचं, याचं एक कारणही इथेच आहे: एलेव्हेटर खाली गेला की बऱ्याच विमानांत रडरवरची सावली वाढते.

मग सूत्र वापरून उत्तर काढता येईल?

१९४० च्या दशकात अमेरिकेच्या नाका या संस्थेने, म्हणजे नासाच्या पूर्वज संस्थेने, नेमकं हेच केलं. शेपटीचं क्षेत्रफळ, दांड्याची लांबी आणि उघडं राहणारं रडर यांवरून एक आकडा काढायचा. त्याला टेल डॅम्पिंग पॉवर फॅक्टर म्हणतात. आकडा पुरेसा मोठा आला तर विमान सावरेल. सूत्र सोपं होतं, हौशी डिझायनरांना आवडलं, वर्षानुवर्षं वापरलं गेलं.

१९७० च्या दशकात नासाने व्हर्जिनियातल्या लँग्ली केंद्रात हलक्या विमानांच्या स्पिनचा अभ्यास पुन्हा हाती घेतला. तिथे १९४१ पासून एक उभा वातबोगदा आहे. हवा खालून वर वाहते आणि माणूस हाताने छोटं मॉडेल फिरवून त्यात सोडतो. मॉडेल हवेत तरंगत स्पिन करत राहतं. या मॉडेलचा फक्त आकार लहान करून भागत नाही, वजनाची वाटणीही त्याच प्रमाणात हवी. एक सोळांश मॉडेल खऱ्या विमानाच्या चौपट वेगाने फिरतं, त्यामुळे हालचाल टिपायला वेगवान कॅमेरे लागतात. अनेक आकारांच्या शेपट्या लावून बघितल्यावर निष्कर्ष निघाला, की त्या जुन्या आकड्यावरून स्पिनमधून सावरण्याचं भाकीत करता येत नाही. धडाचा आडवा छेद गोल आहे की चौकोनी, पंख कसा आहे, शेपटी धडावर कुठे बसवली आहे, हे सगळं त्यात घुसतं.

त्याच कार्यक्रमातला ग्रमन अमेरिकन ‘यांकी’ या दोन आसनी विमानाचा प्रयोग मला सगळ्यात शिकवून जाणारा वाटतो. पंखाची पुढची कड थोडी खाली वाकवली की स्टॉल उशिरा होतो, हे माहीत होतं. संशोधकांनी ती पूर्ण पंखभर वाकवली. स्टॉल सुधारला, पण स्पिन फ्लॅट झाला. म्हणजे एक दुखणं बरं करताना दुसरं जिवावरचं दुखणं विकत घेतलं. मग त्यांनी फक्त बाहेरच्या भागाची कड वाकवली आणि आतल्या बाजूला मुद्दाम तुटक पायरी ठेवली. त्या पायरीपाशी निघणारा भोवरा बाहेरच्या पंखावरची हवा चिकटवून ठेवतो. मूळ यांकी मुद्दाम प्रयत्न केला की जवळपास दरवेळी स्पिनमध्ये जायची, बदललेली क्वचितच गेली. आजच्या सिरस विमानांच्या पंखावर जी पायरी दिसते, ती याच घराण्यातली.

यातून हौशी बांधणाऱ्याने काय घ्यायचं? ‘मी फक्त एवढासा बदल केलाय’ हे वाक्य स्पिनच्या बाबतीत चालत नाही. जड इंजिन लावलं, तोल साधायला बॅटरी शेपटीकडे नेली, पंखांच्या टोकांना जादा टाकी बसवली, तर प्रत्येक बदल लाटण्याच्या टोकांना वजन बांधण्यासारखा आहे. शिवाय हातकाम आलं, की डावा आणि उजवा पंख तंतोतंत सारखे नसतात. रडर नकाशात २५ अंश वळत असेल आणि तुमचं २० च अंश वळत असेल, तर पाचातला एक भाग तुम्ही आधीच घालवलाय. डिझायनरच्या विमानाने सहा फेऱ्यांतून झोकात बाहेर येऊन दाखवलं असेल, तर ते त्याच्या विमानाबद्दल झालं. तुमच्या नाही.

कंपन्यांचीही दमछाक होते

हे फक्त गॅरेजवाल्यांचं दुखणं आहे असं समजू नका. सेस्नासारख्या जुन्या कंपनीचं १६२ स्कायकॅचर हे छोटं विमान १८ सप्टेंबर २००८ रोजी स्पिन चाचणीत फ्लॅट स्पिनमध्ये अडकलं. अख्खं विमान तोलून धरणारं पॅराशूट उघडलंच नाही. चाचणी वैमानिकाने उडी मारली आणि तो वाचला. कंपनीने उभी शेपटी मोठी केली. १९ मार्च २००९ रोजी दुसरं विमान पुन्हा स्पिनमध्ये अडकलं. या वेळी पॅराशूट उघडलं आणि वैमानिक विमानासकट खाली आला. आणखी बदल झाल्यावरच ते विमान विकायला आलं.

आपल्याकडे एचएएलच्या एचजेटी-३६ ‘सितारा’ या प्रशिक्षण विमानाचं पहिलं उड्डाण २००३ मध्ये झालं आणि पुढे ते ज्या अडचणींत रखडलं, त्यात स्पिन ठळक होता. उभी शेपटी मागे सरकवून आणि रडर मोठं करून, २०२२ च्या सुरुवातीला दोन्ही बाजूंना सहा-सहा फेऱ्यांचे स्पिन करून दाखवल्याचं कंपनीने जाहीर केलं. वातबोगदे, संगणक आणि पगारी चाचणी वैमानिक हाताशी असून ही स्थिती.

तरीही करायचंच असेल तर

व्यावसायिक लोक हे कसं करतात ते बघा, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळतं.

पहिलं, सुटकेची वाट आधी. अंगावर पॅराशूट, एका झटक्यात निखळणारा दरवाजा किंवा छत, आणि जमिनीवर असतानाच बाहेर पडण्याचा सराव. विमानाच्या शेपटीला स्पिन पॅराशूट लावतात. ते शेपूट वर ओढून फिरणं थांबवतं, आणि काम झाल्यावर ते तोडून टाकण्याची सोयही चोख लागते. नाहीतर तेच गळ्यातलं लोढणं होतं.

दुसरं, उंचीचा आकडा आधी ठरलेला. ‘या उंचीपर्यंत फिरणं थांबलं नाही तर बाहेर’ हे जमिनीवर ठरवायचं आणि वर गेल्यावर त्यावर वाद घालायचा नाही. सात वर्षं खपून बांधलेलं विमान सोडून द्यायला मन तयार होत नाही, आणि नेमकं म्हणूनच बांधणाऱ्याने स्वतः ही चाचणी करू नये, असं अनेक जाणकार म्हणतात.

तिसरं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गुरुत्वमध्य पुढे ठेवून सुरुवात. आधी अर्धी फेरी, मग एक, मग पुढे. डावीकडे वेगळं, उजवीकडे वेगळं. मग गुरुत्वमध्य थोडा मागे आणि सगळं पहिल्यापासून. फ्लॅप, पॉवर, एलेरॉन यांची मिश्रणं शेवटी. स्कायकॅचर अडकलं ते अशाच पॉवर चालू, कंट्रोल उलटसुलट अशा मिश्रणात.

चौथं, इंजिन बंद पडेल असं धरूनच चालायचं. फिरण्यामुळे टाकीतलं इंधन एका बाजूला फेकलं जातं. म्हणून चाचणी धावपट्टीच्या आवाक्यात हवी.

आणि सगळं नोंदवायचं. अमेरिकेत तर नियमच आहे, की चाचणीच्या काळात करून बघितलेल्या आणि लॉगबुकात लिहिलेल्या कसरतीच त्या विमानाने पुढे करायच्या.

पण मरतात ते वेगळ्याच उंचीवर

आता मला जे सांगायचंय ते. वरची सगळी चाचणी आठ-दहा हजार फुटांवर होते. अपघात मात्र बहुतेक तिथे होत नाहीत. उतरताना विमान धावपट्टीच्या रेषेत आणायला शेवटचं वळण घेतात, तेव्हा उंची ५०० फूट किंवा त्याहून कमी असते. वळण थोडं चुकतं, विमान रेषेच्या पलीकडे जातं. वैमानिक जास्त तिरकं व्हायला घाबरतो आणि नुसत्या रडरने नाक आत ओढतो, सोबत स्टिकही मागे. स्टॉल आणि बाजूला वळणारं नाक, स्पिनची कृती पूर्ण.

नासाच्या चाचण्यांत यांकीला एका फेरीच्या स्पिनमध्ये जाऊन सावरायला साधारण अकराशे फूट लागले होते. तेही तयारीत बसलेल्या चाचणी वैमानिकाच्या हातात. हाताशी ५०० फूट. ही वजाबाकी कुठल्याही कौशल्याने जुळत नाही. कारखान्यातल्या साध्या गटातल्या विमानांसाठी अमेरिकेच्या जुन्या नियमातही मागणी एवढीच होती: एक फेरी किंवा तीन सेकंद, यातलं जे लांबेल तेवढा स्पिन, आणि त्यानंतर एका फेरीत सुटका. म्हणजे सुरुवातीलाच सावध झालेल्या माणसासाठीची सोय. त्यापुढचं आश्वासन तिथेही नव्हतं.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. डिझायनरने स्पिनची चाचणी केलेली नसेल किंवा तुम्ही नकाशापासून हललेला असाल, तर पूर्ण विकसित स्पिनच्या वाटेला जाऊ नका. त्याऐवजी स्टॉलचा पार कीस काढा. भरपूर उंचीवर, पुढच्या आणि मागच्या गुरुत्वमध्यासह, सरळ आणि वळणात, फ्लॅप वर आणि खाली. स्टॉलआधी किती नॉट राहिले असताना विमान थरथरायला लागतं? थरथरतं तरी का? कुठला पंख आधी पडतो? रडर जरा जास्त दाबलं असेल तर काय होतं? पंखावर लोकरीचे छोटे धागे चिकटवा आणि कॅमेरा लावा, हवा कुठून सुटायला लागते ते डोळ्यांना दिसेल. इशारा उशिरा येत असेल तर स्टॉल वॉर्निंगचा भोंगा किंवा अँगल ऑफ अटॅक दाखवणारं उपकरण बसवा. आणि स्पिन शिकायचाच असेल, तर तो मान्यता असलेल्या कसरतीच्या विमानात, शिक्षकाबरोबर शिका.

स्पिनमधून बाहेर कसं यायचं हे माहीत हवंच. पण ५०० फुटांवर उपयोगी पडते ती दुसरी माहिती: आपलं विमान स्पिनमध्ये शिरायच्या आधी आपल्याला काय सांगतं. ती माहिती कुठल्याही सूत्रात नाही आणि शेजारच्या हँगरमधल्या तशाच विमानाच्या लॉगबुकातही नाही. ती तुमच्याच विमानातून, तुम्हालाच काढावी लागते.